चांदी शाबूत, दाढ फुटलेली

संक्रांत सरून चार दिवस झाले होते. ७६ वर्षांच्या एक काकू लेकीचा हात धरून दवाखान्यात आल्या आणि खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी रुमालाची गाठ सोडून तो माझ्यापुढे धरला. रुमालात दाढेचा एक तुकडा होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा, पिवळसर आणि एका कडेने धारदार. तिळाची कडक वडी चावताना तो सुटून आला होता. "चांदी निघाली वाटतं, डॉक्टर," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं टिकली बिचारी."

आरसा घालून पाहिले, तर प्रकार उलटा होता. चांदी जागच्या जागी होती. काळवंडलेली, पण घट्ट. फुटली होती ती तिच्या शेजारची दाढेचीच भिंत.

लेक म्हणाली, "पैशांकडे बघू नका, डॉक्टर. आता बाजारात सगळ्यात मजबूत असेल ते भरा. आईला पुन्हा पुन्हा आणणं खरंच जमत नाही."

या मागणीत काही गैर नाही. घरातील वृद्ध व्यक्तीला दवाखान्यात आणणे म्हणजे कुणाची तरी रजा, रिक्षा, जिना, आणि परतल्यावर दिवसभराचा थकवा. एकदाच काय ते पक्के काम व्हावे, असे कुणालाही वाटेल. परंतु काकूंच्या दाढेत तीस वर्षे बसलेले द्रव्य पक्केच होते. ते टिकले, दाढ टिकली नाही. म्हणून फिलिंगच्या द्रव्यांच्या बळाची तुलना करताना दोन गोष्टी बरोबरीने पाहाव्या लागतात. प्रयोगशाळेतील आकडा काय सांगतो, ही पहिली. आणि उतारवयातील दाताशी त्या आकड्याचा मेळ कसा बसतो, ही दुसरी.

बळ एकाच जातीचे नसते

फळ्यावर लिहिण्याचा खडू टेबलावर उभा धरून वरून दाबला, तर तो बराच भार सोसतो. तोच खडू दोन्ही टोकांना धरून किंचित वाकवला, की मोडतो. खडू मजबूत की कच्चा, या प्रश्नाला एक उत्तर नाही. दाबाखाली तो मजबूत आहे, वाकताना कच्चा आहे. दात आणि दातात भरावयाची बहुतेक द्रव्ये याच स्वभावाची आहेत.

म्हणून फिलिंगच्या द्रव्याच्या किमान चार परीक्षा घेतल्या जातात. चिरडण्याआधी ते किती दाब घेते? वाकताना किंवा ताणले जाताना केव्हा मोडते? रोजच्या घर्षणाने किती झिजते? आणि दाताला किती घट्ट धरून राहते? यांतील पहिल्या दोन परीक्षांचे माप मेगापास्कल या एककात सांगतात. एक चौरस मिलिमीटर जागेवर सुमारे १०० ग्रॅम वजन ठेवले असता जो दाब पडतो, तो १ मेगापास्कल. म्हणजेच १०० मेगापास्कल याचा अर्थ मोहरीच्या दाण्याहूनही लहान जागेवर १० किलोचा भार.

तुलनेसाठी आधी दाताचेच माप घेऊ. दाताचे बाहेरचे पांढरे कवच, म्हणजे एनॅमल, दाबाखाली सुमारे ३८० मेगापास्कलपर्यंत टिकते. त्याखालचा पिवळसर थर, म्हणजे डेंटिन, सुमारे ३०० मेगापास्कल सोसतो. एनॅमल कठीण असले तरी काचेसारखे ठिसूळ असते. डेंटिन किंचित लवचीक असते आणि तेच एनॅमलला आधार देते. दाताचे खरे सामर्थ्य या जोडीत आहे.

आता चावण्याचा जोर. निरोगी दातांचा तरुण माणूस मागच्या दाढांनी सर्व शक्तीनिशी चावला, तर ५० किलो किंवा त्याहूनही अधिक भाराएवढा जोर लागू शकतो. कवळी वापरणाऱ्यांचा जोर साधारणपणे त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा उरतो. रोजच्या जेवणात यातील थोडाच जोर खर्ची पडतो आणि तो दाढेच्या बऱ्याच भागावर विभागला जातो, म्हणून काही बिघडत नाही. भातात खडा लागतो तेव्हा मात्र चित्र बदलते. २० किलोचा जोर खड्याच्या एक चौरस मिलिमीटरच्या टोकावर एकवटला, तर तेथे २०० मेगापास्कलचा दाब पडतो. एवढ्याशा खड्याने दाताचा टवका उडतो, तो याच हिशेबाने.

चांदी: दाबाला पक्की, ताणाला कच्ची

आपण ज्याला चांदी म्हणतो ती निव्वळ चांदी नव्हे. चांदी, कथील आणि तांबे यांची पूड पाऱ्यात कालवून केलेले ते मिश्रण आहे. शास्त्रीय नाव ॲमलगम. त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी या मिश्रणाचे प्रमाण शास्त्रशुद्ध रीतीने बसवले, आणि पुढची शंभर वर्षे दाढा भरण्यासाठी जगभर तेच वापरले गेले.

चोवीस तासांनी पूर्ण घट्ट झालेली चांदी दाबाखाली ३८० ते ५०० मेगापास्कल, काही प्रकारांत त्याहूनही अधिक सोसते. म्हणजे ती एनॅमलच्या तोडीची आहे. मात्र भरल्यानंतरच्या पहिल्या तासात हे बळ पुष्कळच कमी असते. "आजचा दिवस त्या बाजूने चावू नका," ही सूचना त्यासाठीच असते. ताण पडल्यास मात्र हीच चांदी ५० ते ७० मेगापास्कलच्या आसपास तुटते. म्हणून ती पातळ थरात चालत नाही. तिला खोली लागते, आणि खोलीसाठी निरोगी दात कोरावा लागतो.

चांदीचा आणखी एक स्वभाव आहे. ती दाताला चिकटत नाही. खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद करून तिला अडकवून ठेवावे लागते. याउलट तिचा मोठा गुण असा, की भरताना थोडी लाळ आली तरी ती निभावून नेते आणि काळाच्या ओघात तिच्या कडेशी साचणारे क्षार बारीक फटी बुजवतात. मागच्या पिढीतील चांदी तीस-तीस वर्षे टिकल्याचे दिसते, त्यामागे हा गुणही आहे.

पाऱ्यामुळे पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा विचार करून २०१३ साली मिनामाता करार झाला. त्यात दातांतील ॲमलगमचा वापर घटवत नेण्याचे ठरले. भारताने २०१८ साली या कराराला मान्यता दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अपवादात्मक वैद्यकीय गरज वगळता तिचा वापर थांबवला. नवी चांदी भरणारे दवाखाने त्यामुळे कमी होत चालले आहेत. तथापि यावरून कुणी असा अर्थ काढू नये, की तोंडातील जुनी चांदी लगेच उपटून काढावी. शाबूत असलेली चांदी केवळ भीतीपोटी काढू नये, असेच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली स्पष्ट केले आहे. काढताना पाऱ्याची वाफ काही काळ वाढते, आणि चांगला दात विनाकारण आणखी कोरला जातो.

दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट

सध्या दवाखान्यांत सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य म्हणजे कॉम्पोझिट. काचेचे अतिसूक्ष्म कण रेझिन नावाच्या चिकट द्रव्यात मिसळलेले असतात आणि निळ्या प्रकाशाखाली ते मिश्रण काही सेकंदांत घट्ट होते. त्याचा पाया दोन शोधांवर उभा आहे. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी सौम्य आम्ल लावून एनॅमल खरखरीत केल्यास त्याला रेझिन धरून राहते, हे दाखवले. १९६२ साली राफेल बोवेन यांनी आजच्या कॉम्पोझिटमधील मूळ रेझिनचे पेटंट घेतले.

दाबाखाली कॉम्पोझिट साधारणपणे २५० ते ४०० मेगापास्कल सोसते. वाकताना ते ८० ते १५० मेगापास्कलपर्यंत टिकते. चावण्याच्या पृष्ठभागावर वापरावयाच्या कॉम्पोझिटसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने वाकण्याच्या परीक्षेत किमान ८० मेगापास्कलची अट घातली आहे. आकड्यांत ते चांदीहून थोडे मागे दिसेल. परंतु ते दाताला चिकटते. त्यामुळे खड्डा कमी कोरावा लागतो आणि कमकुवत भिंती काही प्रमाणात एकमेकींशी बांधल्या जातात.

त्याचे दोन दोष मात्र ध्यानात घ्यावेत. घट्ट होताना ते आकारमानाने साधारण २ ते ३ टक्के आकसते. म्हणून ते बहुधा दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत भरावे लागते आणि कामाला वेळ लागतो. दुसरा दोष अधिक महत्त्वाचा. त्याला ओल मुळीच चालत नाही. भरताना लाळेचा वा हिरडीतील रक्ताचा स्पर्श झाला, की चिकटणे अर्धवट राहते, कडेला फट पडते आणि फटीतून कीड आत शिरते.

२०१४ साली कॉक्रेन या संस्थेने मागच्या दाढांतील चांदी आणि कॉम्पोझिट यांच्या तुलनात्मक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात कॉम्पोझिट अपयशी ठरण्याचा धोका जवळपास दुप्पट आढळला. हा निष्कर्ष मुख्यतः मुलांवरील दोन मोठ्या अभ्यासांतून आला आहे, तेव्हाची द्रव्येही जुनी होती, म्हणून तो वृद्धांना जसाच्या तसा लावता येत नाही. पण त्यातील एक बाब सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. फिलिंग मोडण्याच्या प्रमाणात दोन्ही द्रव्यांत ठळक फरक नव्हता. फरक होता तो कडेला पुन्हा लागलेल्या किडीत. फिलिंग हरते ते पुष्कळदा जोरापुढे नव्हे, कडेच्या फटीपुढे.

सिमेंट: आकड्यांत दुबळे, स्वभावाने गुणी

ज्याला बोलीत सिमेंट म्हणतात, त्यात ग्लास आयोनोमर हे द्रव्य प्रमुख आहे. लंडनमधील शास्त्रज्ञ ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९७२ साली ते जगापुढे आणले. काचेची विशिष्ट पूड आणि एक सौम्य आम्ल यांच्या संयोगातून ते घट्ट होते.

त्याचे आकडे पाहून कुणीही नाक मुरडेल. दाबाखाली ते बहुधा १०० ते २०० मेगापास्कल सोसते आणि वाकताना ४० मेगापास्कलच्या आतच मोडते. मोठ्या दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर, जेथे दोन दातांमधील भिंतही गेलेली आहे, तेथे एकट्याच्या बळावर ते दीर्घकाळ टिकेल अशी अपेक्षा धरू नये.

परंतु चौथ्या परीक्षेत, दाताला धरून राहण्यात, ते निराळ्याच रीतीने उतरते. दातातील कॅल्शियमशी त्याचे रासायनिक बंध जुळतात; आम्लाने दात खरखरीत करण्याची गरज नसते. किंचित ओल ते सहन करते. उष्ण चहा किंवा थंड पाणी लागले असता ते जवळजवळ दाताएवढेच प्रसरण-आकुंचन पावते. चांदीचे प्रसरण मात्र दाताच्या सुमारे दुप्पट असते. शिवाय ते फ्लोराइड सोडते, आणि पेस्टमधील फ्लोराइड पुन्हा शोषूनही घेते. त्यात रेझिन मिसळलेला सुधारित प्रकारही मिळतो. तो प्रकाशाने लवकर घट्ट होतो आणि वाकण्याच्या परीक्षेत साध्या सिमेंटहून सरस ठरतो.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची सेवा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. १९८० च्या दशकात टांझानियात अशी पद्धत विकसित झाली, की वीज आणि यंत्र यांच्याविना, केवळ हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडून तेथे दाट ग्लास आयोनोमर भरावयाचे. खुर्चीपर्यंत येऊ न शकणाऱ्या वृद्धाचा दात घरीच, पलंगावर वाचवता येतो, तो या पद्धतीने. ज्या द्रव्याला आकड्यांच्या तक्त्यात शेवटची जागा मिळते, तेच येथे पहिले आठवते.

मग सरळ कॅपच का नको?

दातावर बसवावयाच्या कॅपसाठी आज दोन सिरॅमिक द्रव्ये विशेष वापरात आहेत. लिथियम डायसिलिकेट वाकताना ३५० ते ४०० मेगापास्कलच्या घरात टिकते, तर झिर्कोनिया ९०० ते १२०० पर्यंत जाते. "सगळ्यात मजबूत" हा शब्द अक्षरशः घ्यायचा, तर उत्तर झिर्कोनिया हेच.

मात्र त्यासाठी दात चहूबाजूंनी घासावा लागतो, एकाहून अधिक खेपा घालाव्या लागतात आणि खाली पुरेसा निरोगी दात शिल्लक असावा लागतो. शिवाय कॅपच्या खालच्या कडेशी, हिरडीलगत, दाताचे मूळ उघडेच असते. तेथे कीड लागली, तर वरची टोपी कितीही मजबूत असली तरी उपयोग नाही. मोठा भाग गेलेल्या, विशेषतः रूट कॅनाल झालेल्या दाढेला कॅप खरोखर हितावह असते. पण दुरुस्त करता येण्याजोग्या प्रत्येक दाताला ती घालणे हा मजबुतीचा मार्ग नव्हे.

दाढ का फुटली?

आता काकूंच्या दाढेकडे वळू. चोवीस तासांनी एनॅमलच्या तोडीची झालेली चांदी तीस वर्षे तिच्यात होती. ती दाताला चिकटलेली नव्हती. पाचरीसारखी दोन भिंतींच्या मध्ये बसलेली होती. प्रत्येक घासाला भिंती बाहेरच्या बाजूस किंचित लवत होत्या. गरम-थंडाने चांदी दाताहून अधिक फुगत आणि आकसत होती. दररोज असे शेकडो हेलकावे खात भिंतीच्या बुडाशी एक सूक्ष्म चीर पडली असावी आणि ती हळूहळू वाढत गेली असावी. तिळाच्या वडीवर आळ आला. तिने फक्त शेवटचा धक्का दिला होता.

पोकळ केल्याने दाताचे किती नुकसान होते, याची एक मोजणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेत उपदाढांवर केलेल्या त्या अभ्यासात केवळ वरच्या पृष्ठभागावर खड्डा केला असता दाताचा ताठपणा सुमारे २० टक्क्यांनी घटला. पुढची आणि मागची अशा दोन्ही कडांच्या भिंती कापल्यावर ही घट ६३ टक्क्यांवर गेली. घराच्या दोन भिंती पाडून मध्ये कितीही भक्कम खांब उभा केला, तरी उरलेल्या भिंती एकट्या पडतात. तसाच हा प्रकार.

त्यातच वयाचा वाटा असतो. उतारवयात डेंटिनमधील सूक्ष्म नलिका क्षारांनी भरत जातात आणि ते अधिक ठिसूळ होते; एकदा पडलेली चीर त्यात सहजी पसरते. दातातील मज्जेची जागाही आकसते, म्हणून वेदना कमी होतात. याचा दुसरा अर्थ असा, की "दुखत नाही, म्हणजे दात ठीक आहे" हे तरुणपणी जितके खरे असते, तितके सत्तरीत नसते. कीड निःशब्दपणे खोल जाते.

वृद्ध मुखातील खरा शत्रू

उतारवयात हिरड्या खाली सरकतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर एनॅमलचे कवच नसते. तेथील पृष्ठभाग सौम्य आम्लातही विरघळू लागतो. त्यात लाळ कमी झाली, की संरक्षण उरत नाही. रक्तदाबाची काही औषधे, नैराश्य, ॲलर्जी, लघवीवर ताबा राहण्यासाठीची औषधे अशा अनेक उपचारांत तोंड कोरडे पडते. कोरडेपणा घालवण्यासाठी आजी-आजोबा दिवसभर खडीसाखर, आवळासुपारी किंवा लिंबाची गोळी चघळतात. त्यामुळे मुळाशी साखरेचे आणि आम्लाचे वाहते पाटच सुटतात. मिश्री किंवा राखुंडी खसखसून लावण्याची सवय असेल, तर मुळे आणखी झिजतात.

या ठिकाणी माझ्याच हातून पूर्वी घडलेली एक चूक सांगणे आवश्यक वाटते. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत ऐंशीच्या घरातील एका आजोबांच्या तीन दातांना मुळाशी कीड लागली होती. त्यांचा हात थरथरत असे आणि हिरडीतून रक्त येत होते. मी त्या काळचे उत्तम, आकड्यांत भरीव असे कॉम्पोझिट निवडले आणि मोठ्या हौसेने भरले. दीड वर्षाने ते आले, तेव्हा तिन्ही फिलिंगे चकचकीत आणि अखंड होती. त्यांच्या कडेखालून मात्र तिन्ही दात पोखरले गेले होते. दोन काढावेच लागले. द्रव्याच्या बळात काही खोट नव्हती. ओल्या, रक्ताळलेल्या जागी ते भरण्याचा माझा निर्णय चुकीचा होता. त्यानंतर द्रव्याचा आकडा पाहण्याआधी मी जागा पाहू लागले.

एका मुखात तीन उत्तरे

काकूंच्या तोंडाची नीट तपासणी केली आणि एक्स-रे काढले, तेव्हा प्रश्न एका दाढेचा नसून तीन दातांचा निघाला.

फुटलेल्या दाढेची मज्जा जिवंत होती आणि तुटलेली कड हिरडीच्या वर होती. तेथे जागा कोरडी ठेवता येत होती, म्हणून जुनी चांदी काढून कॉम्पोझिट भरले. जिभेकडची उरलेली पातळ भिंत सुमारे दोन मिलिमीटरने उतरवून तीही कॉम्पोझिटखाली झाकली. भार आता सुट्या भिंतीवर न पडता संपूर्ण दाढेवर पडतो. पुढे गरज वाटल्यास कॅपचा मार्ग मोकळा आहे.

खालच्या एका उपदाढेच्या मुळाशी, हिरडीलगत, मऊ तपकिरी कीड होती. काकूंना तिचा पत्ताही नव्हता. तेथे ओल राहणारच होती आणि त्यांचे तोंडही कोरडे पडत असे. तेथे ग्लास आयोनोमर भरले.

दुसऱ्या बाजूच्या दाढेतही त्याच काळातील चांदी होती. तिच्या कडा किंचित झिजल्या होत्या. पण खाली कीड नव्हती, भिंतींना चीर नव्हती. तिला हात लावला नाही.

"एकाच तोंडात तीन प्रकार?" लेकीने विचारले. मी म्हटले, "तिन्ही जागांची कामं वेगळी आहेत ना!"

दंतवैद्यांना विचारावयाचे प्रश्न

वृद्ध व्यक्तीसोबत जाताना "सगळ्यात मजबूत कोणते?" याऐवजी पुढील प्रश्न विचारावेत.

१. भरल्यानंतर निरोगी दात किती शिल्लक राहील? उरलेल्या भिंती झाकण्याची गरज आहे का?
२. ही जागा काम होईपर्यंत कोरडी राहू शकेल का? नसल्यास कोणते द्रव्य योग्य?
३. हे फिलिंग बिघडलेच, तर कसे बिघडेल? ते झिजेल, निघेल, की दातच फुटेल? पुन्हा दुरुस्त करता येईल का?
४. काम किती वेळाचे आहे? तेवढा वेळ तोंड उघडे ठेवणे किंवा पाठीवर झोपणे रुग्णाला झेपेल का? मध्ये विश्रांती घेता येईल का?
५. जुने फिलिंग बदलण्याचे कारण काय? कीड, चीर, की केवळ रंग?

सोबत सर्व औषधांची यादी न्यावी. रक्त पातळ करणारी गोळी वा अन्य कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

फिलिंग झाल्यावर

चांदी किंवा सिमेंट भरले असल्यास एक दिवस त्या बाजूने कठीण पदार्थ चावू नयेत. कॉम्पोझिट लगेच घट्ट होते. तरी भूल दिली असेल, तर ती उतरेपर्यंत जेवण देऊ नये. विस्मरणाचा आजार असलेले रुग्ण बधिर ओठ किंवा गाल नकळत चावून जखम करून घेतात. त्यांच्याजवळ कुणीतरी बसावे. दात मिटताना फिलिंग उंच लागत असेल, तर सवय होईल म्हणून सोडून देऊ नये. त्या एका ठिकाणी सारा जोर एकवटतो. दोन मिनिटांत ते घासून सारखे करता येते.

दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी. हाताची पकड कमी झाली असेल, तर ब्रशच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड करावा. अर्धी कवळी असेल, तर तिच्या तारा ज्या दातांना धरतात ते दात प्रथम स्वच्छ करावेत; अन्न तेथेच साचते. तोंड कोरडे पडत असल्यास गोळ्या चघळण्याऐवजी पाण्याचे घोट घ्यावेत आणि औषधांविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. मुळांना वारंवार कीड लागत असेल, तर दंतवैद्य अधिक फ्लोराइडची पेस्ट किंवा लेप सुचवू शकतात. आणि दर सहा महिन्यांनी, दुखत नसले तरी, एकदा दात दाखवावेत.

सहा महिन्यांनी काकू तपासणीसाठी आल्या. दाढ ठीक होती, जुनी चांदी होती तशीच होती. मुळाशी भरलेले सिमेंट मात्र कडेला थोडे झिजले होते.

"म्हणजे हे कच्चंच निघालं की, डॉक्टर," लेक म्हणाली.

मी काकूंच्या हाती आरसा दिला आणि झिजलेल्या कडेखालचा दात दाखवला. तो कडक होता, कीड पुन्हा लागलेली नव्हती. "झिजलं ते सिमेंट आहे," मी म्हटले. "दात नाही झिजला."

नवा थर भरावयास दहा मिनिटे लागली. काकू आपल्या पायांनी जिना उतरून गेल्या.